अपूर्वच्या आवडीचं पियूष

अपूर्व एमएस करायला अमेरिकेला जाणार हे कळल्यापासून नातेवाइकांच्या उत्साहाला नुसता ऊत आला होता. लग्नाआधी केळवणं करतात तशी याची केळवणं सुरू झाली. मावशीकडे झालं, ठाकुर्लीच्या काकांकडे झालं, सोसायटीवाल्यांनी गच्चीवर केलं. फरक एवढाच, की या नवऱ्याला बोहल्यावर चढायचंच नव्हतं आणि ते त्याने कोणाला सांगितलेलं नव्हतं.

प्रत्येक घरी बेत वेगळा असायचा. कुठे पुरणपोळी, कुठे मसालेभात, काकांकडे तर चक्क पिझ्झा. पण ताटाशेजारी एक उंच पेला मात्र ठरलेला. पिवळसर, दाट, वर जायफळाची पूड. "घे, तुझ्या आवडीचं पियूष! तिकडे काय मिळणारे?" असं म्हणून यजमानीण समोर उभी राहायची आणि पेला रिकामा होईपर्यंत हलायची नाही.

अपूर्वला पियूष मुळीच आवडत नव्हतं. जायफळाचा नुसता वासही त्याला नकोसा व्हायचा.

याचं मूळ माजिवड्याला, कुंदाआत्याकडे होतं. कुंदाआत्या म्हणजे जीव लावणारी बाई, पण एकदा एखादी गोष्ट मनात घेतली की ब्रह्मदेव आला तरी ती काढू शकायचा नाही. अपूर्व लहान असताना तिने पहिल्यांदाच घरी पियूष केलं आणि पहिला पेला भाच्याच्या हातात दिला. "आवडलं?" तिने विचारलं. तिचा चेहरा इतका आशेने भरलेला होता, की पोरगं "हो" म्हणालं. "अजून देऊ?" त्यालाही "हो". त्या दोन होकारांवर आत्याने भाच्याची आवड कायमची ठरवून टाकली आणि सगळ्या गोतावळ्यात दवंडी पिटली.

अमेरिकेचंही असंच झालं होतं. इंजिनिअरिंगचा निकाल लागला त्या दिवशी घरात पाहुणे बसले होते. त्र्यंबकरावांनी, म्हणजे अपूर्वच्या बाबांनी, सगळ्यांसमोर लेकाच्या पाठीवर थाप मारून विचारलं, "काय रे, पाठवू का तुला अमेरिकेला?" बाबांना इतकं खुशीत त्याने क्वचितच पाहिलेलं. तो "हो" म्हणाला. पुढे परीक्षा, अर्ज, व्हिसा हे सगळं आपोआप एकामागून एक होत गेलं. दर वेळी त्याला वाटायचं, कुठेतरी अडेल. पण मुलगा हुशार पडला, कुठेच अडलं नाही.

खरं तर त्याचं मन रमलं होतं नौपाड्यात. केदार लेले नावाच्या इंजिनिअरकडे तो नोकरी करत होता. जुन्या इमारतींची तपासणी करायची, हातोडीने भिंत ठोकून प्लास्टर कुठे सुटलंय ते कानाने ओळखायचं, गच्चीवरच्या टाकीखाली वाकून तडे शोधायचे. घामट, धुळीचं काम, पण अपूर्वला ते मनापासून आवडायचं. राजीनामा दिला तेव्हा केदार म्हणाला होता, "जा बाबा. पण तुझ्यासारखा कान असलेला पोरगा मला परत मिळायचा नाही." त्या वाक्याने अपूर्वचा पाय आणखीनच अडकला.

कामावरून सुटलं की दगडूची चहाची गाडी. आलं ठेचून घातलेला, तोंड पोळणारा कटिंग. आवडीचं पेय विचाराल तर ते हे होतं. नोकरीच्या शेवटच्या दिवशी ऑफिसात केक कापून झाल्यावर तो एकटाच गाडीवर गेला. दगडूने न विचारता ग्लास पुढे केला.

"काय भाऊ, आज लवकर सुटलात?"

"हो, जरा काम होतं."

"उद्या कुठंय साइट? स्टेशनसाइडलाच का?"

"हो. येतो उद्या," अपूर्व म्हणाला. जगाने निरोप दिला होता, पण दगडूला निरोप द्यायला त्याची जीभ वळली नाही. तिथे सांगितलं असतं तर जाणं खरं झालं असतं.

रविवारी संध्याकाळी निघायचं होतं आणि दुपारी डोंबिवलीच्या घरी शेवटची पंगत. कुंदाआत्या रिक्षाने आली, मांडीवर पियूषने भरलेली स्टीलची बरणी धरून. "पूर्ण रस्ताभर हात काढला नाही मी झाकणावरचा," ती दारातूनच म्हणाली. हॉलमध्ये दोन मोठ्या बॅगा उभ्या होत्या, त्यांना वळसा घालून सगळे बसले. त्र्यंबकराव फोनवर शूटिंग करत होते आणि दर दोन मिनिटांनी डोळे पुसत होते.

अपूर्वने रात्रीच मनाशी ठरवलं होतं, की आज सांगायचं. जायचं नाही म्हणून सांगायचं. पण एकदम एवढा घास कसा उचलणार? म्हणून त्याने ठरवलं, आधी पियूषचं सांगू, धीर येईल, मग त्याच दमात दुसरं.

आत्याने पेला पुढे केला. त्याने हात मागे घेतला.

"आत्या, खरं सांगू? मला पियूष आवडत नाही. कधीच आवडत नव्हतं."

आत्या खळखळून हसली आणि तिच्यामागून सगळेच हसले.

"बघितलंस ना, त्र्यंबक? तिकडे मिळणार नाही म्हणून आत्तापासूनच मन घट्ट करतोय!" आत्याने त्याच्या गालावरून हात फिरवला. "गुणाचं रे पोर माझं."

"नाही आत्या, मी खरंच..."

"पुरे, पुरे! मला रडवू नकोस," असं म्हणून तिने पेला त्याच्या हातात कोंबला. त्र्यंबकरावांनी तेही शूट केलं. खरं बोलूनही सुटका नाही, असं कधी होईल हे अपूर्वला ठाऊक नव्हतं.

पेला घेऊन तो स्वयंपाकघरात गेला. त्याची आई, वासंती, ओट्याशी प्रवासासाठी दशम्या बांधत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, हात पुसले, पेला काढून घेतला आणि एका दमात पिऊन टाकला.

"आई?"

"जायफळ तुला सोसत नाही. लहानपणापासून." तिने ओठ पुसले. "आत्याकडे तू अर्धा पेला ठेवून उठायचास, तो कोण संपवत होतं असं तुला वाटलं?"

अपूर्वने हळूच विचारलं, "आणि दुसरं? तेही माहितेय तुला?"

वासंतीने दशम्यांच्या पुडक्याला गाठ मारली, सोडली, परत मारली.

"माहितेय."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले रे. रोज वाटायचं, आज बोलेल." तिचे डोळे भरून आले. "मग बाबांकडे बघायचे आणि माझीही जीभ उचलायची नाही. पेला मी संपवू शकते, अपूर्व. तुझ्याऐवजी तिकडे जाता येत नाही मला."

"आता सांगू?"

ती काही बोलणार, तेवढ्यात बाहेरून बाबांची हाक आली. "अपूर्व! अरे, ये बाहेर, आत्या थांबलीय!" वासंतीने रिकामा पेला त्याच्या हातात दिला आणि पाठीवर हात ठेवला. तो हात पुढे ढकलत होता की मागे धरत होता, हे त्याला कळलं नाही.

तो बाहेर आला. आत्याची नजर आधी पेल्याकडे गेली.

"बघा, बघा! तळाला थेंब ठेवला नाही, आणि म्हणे आवडत नाही!" तिने बरणी वाकवली आणि पेला पुन्हा काठोकाठ भरला. "संपव आता माझ्यासमोर."

बाबांनी फोन जवळ आणला. अपूर्व प्यायला, सगळा.

"कसं झालंय?" आत्याने विचारलं, अगदी त्या पहिल्या दिवसासारखं.

"छान झालंय, आत्या," तो म्हणाला.