दाबून धरायचं बटण

आमच्याकडे संध्याकाळी विजेचा दिवा लावला तरी त्याला नमस्कार करतात. देवापुढची समई वेगळी, ती तर लागतेच. पण भिंतीवरचं बटण दाबलं आणि खोलीत पिवळा उजेड पसरला, की आईचे दोन्ही हात जोडले जातात, डोळे मिटतात आणि ओठ हलायला लागतात. लहानपणी दादा आणि मीही तिच्या दोन बाजूंना उभे राहून तेच करायचो. पुढे दादा पुण्याला गेला. मी काशीतच, पण अस्सी नदीच्या पलीकडे, विद्यापीठाच्या बाजूला राहायला गेले, तिथल्याच कॉम्प्युटर विभागात नोकरीला लागले, आणि माझ्या घरी दिवे नमस्काराशिवाय लागू लागले.

आई शिंदे घाटाच्या वरच्या गल्लीत, दोन खोल्यांत एकटी राहते. वडील रेल्वेत होते. निवृत्तीनंतर त्यांनी त्या खोल्या घेतल्या आणि त्यांच्यामागे आईने त्या सोडल्या नाहीत. थंडीत तिच्या खिडकीतून गंगा दिसतच नाही. धुकं आणि धूर एक होऊन बसतात, त्यातून नावाड्यांची बोलणी ऐकू येतात, नावा मात्र नसतातच. अंधारून आलं की दक्षिणेकडच्या खिडकीतून मणिकर्णिका घाटावरच्या चितांचा उजेड छतावर येतो आणि तांबूस काहीतरी तिथे हळूहळू हलत राहतं. त्या छताकडे बघत मी कितीदा चहा गार करून टाकला आहे.

आईला काचबिंदू आहे. तिला समोरचं तेवढं दिसतं, नळीतून पाहावं तसं. कडा सगळ्या गेल्या. अंधुक उजेडात पायाखालची जमीन हरवते आणि एकदम झगझगीत दिवा लागला तर, तिच्याच शब्दांत, "चकाचौंध होऊन सगळं पांढरंफटक." डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर येत नाही, आहे ती सांभाळा, आणि उजेड वाढवायचा तो सावकाश.

कार्तिकात ती दिवेलागणीला दोन खोल्यांमधल्या उंबऱ्याला अडखळून पडली. मनगट सुजलं, एवढ्यावर निभावलं. पण दादाने फोनवर निकाल देऊन टाकला. "संक्रांतीला येतो. संध्याकाळचं तिचं तिला जमतंय असं मला दिसलं तर राहू दे. नाहीतर मी तिला घेऊन जातो. तिचं तिकीट काढूनच येतोय."

पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायला त्याचं काय जातंय, असं मी त्याला तोंडावर म्हटलं. तो चिडला नाही, त्यामुळे मीच जास्त चिडले. आईला सांगितलं तेव्हा ती वाती वळत होती.

"लोक काशीला मरायला येतात गं," ती म्हणाली. "आणि मी इथे चांगली जगतेय, तर माझं टिकट कटवून मला बाहेर नेता?"

"मग माझ्याकडे चल."

"तुझं घर अस्सीच्या पलीकडे. वरुणा आणि अस्सीच्या मधली तेवढीच काशी. तुझ्याकडे येणं काय आणि पुण्याला जाणं काय, एकच."

काही सुचलं नाही की मी यंत्र विकत घेते. उजेड कमीजास्त करणारी, आतून प्रोग्राम करता येणारी दोन बटणं मागवली. प्रत्येकाच्या कडेला बारीक दिव्यांची एक उभी पट्टी होती. ती कधी कोणत्या रंगात किती उंच पेटावी, हेही आपणच ठरवायचं. एक बटण आईच्या भिंतीवर बसवलं, दुसरं माझ्या स्वयंपाकघरात. आईकडचा उजेड जितका वाढेल तितकी माझ्याकडची पट्टी पिवळी होत वर चढेल, अशी जोडणी केली. रोज संध्याकाळी शहर ओलांडून गल्लीत पोचणं मला शक्य नव्हतं, पण पट्टीकडे बघत पोळ्या लाटणं शक्य होतं.

मग मी त्या बटणाला बोटांची भाषा शिकवायला बसले. एकदा दाबलं की मिणमिणता दिवा. दोनदा पटपट दाबलं की न्हाणीघरापर्यंतची वाट उजळेल. तीनदा दाबलं की माझा फोन वाजेल आणि दोन्हीकडच्या पट्ट्या लाल होतील. आणि मुख्य म्हणजे दाबून धरलं की उजेड हळूहळू चढत जाईल, सोडलं की तिथेच थांबेल. डोळ्यांना सोसेल तिथे आईने बोट उचलायचं. मला हे इतकं सुंदर वाटलं होतं की त्या आठवड्यात मी सगळ्यांशी गोड बोलत होते. ऑफिसातले लोक बिचकले.

आईने सगळं ऐकून घेतलं. माझ्यासमोर, भर दुपारी, बटण दाबून धरून दाखवलंही. मी खुशीत घरी आले.

पहिल्या संध्याकाळी माझ्याकडची पट्टी तळाशी एका ठिपक्याएवढी पेटली आणि तिथेच राहिली. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. आई त्या मिणमिणत्या उजेडात उंबरा ओलांडते आहे या विचाराने मी तिला फोन लावला, आणि माझा आवाज चढला.

"आई, दाबून धर म्हटलं ना तुला."

"धरलं होतं गं."

"मग सोडलंस कशाला?"

"मी कुठे सोडलं? दिवा लागला. एवढी परेशान नको होऊस."

मी कोड उघडला. सोडण्याचा इशारा चुकून लवकर जातो आहे म्हणून वेळा बदलल्या. तिची बोटं कोरडी पडली असतील, दाब पुरत नसेल असं वाटून तेही बघितलं. एवढं करून भागलं नाही म्हणून इशाऱ्यांत आणखी इशारे घातले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तसं माझं झालं होतं. ठिपका काही हलेना, आणि संक्रांत जवळ येत चालली. आईचं तिकीट दादाच्या खिशात आहे हे मला पोळी भाजतानाही आठवायचं.

शेवटी एक दिवस मी ऑफिसातून लवकर निघाले, गल्ल्यांमधून जवळजवळ पळतच तिच्याकडे पोचले आणि खाटेवर गप्प बसले. तिला म्हटलं, मी नाहीच असं समज.

बाहेर धुकं दाटलं होतं. कुठल्या तरी देवळात घंटा सुरू झाली. आई भिंत चाचपत बटणापाशी आली. अंगठ्याने तिने ते नीट दाबून धरलं. दिव्यात उजेडाचा पहिला थेंब आला, आणि त्या क्षणी तिचा हात बटणावरून सुटून दुसऱ्या हाताला जाऊन मिळाला. डोळे मिटले. ओठ हलायला लागले. दिवा तळाशी अडकून राहिला आणि ती त्याला नमस्कार करत राहिली.

ती खोटं बोलत नव्हती. दिवा लागला की हात जोडायचे, हे तिने सोडणं म्हणून कधी मोजलंच नव्हतं. काखेत कळसा असताना मी गावाला वळसा घालत होते. मला स्वतःचा राग यायला हवा होता, पण मला रडू आलं. तिचे ते दोन हात मी कितीतरी वर्षांत दिवेलागणीला पाहिले नव्हते.

मी तिथेच लॅपटॉप उघडला आणि बोटांची सगळी भाषा पुसून टाकली. मदतीला बोलवायचे तीन ठोके तेवढे ठेवले. आता एकदा दाबायचं आणि विसरायचं. तिचे सांजवातीचे श्लोक संपायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात दिवा आपला आपण चढेल, म्हणजे ती डोळे उघडेल तेव्हा खोली उजळलेली असेल. मी तिला श्लोक पुन्हापुन्हा म्हणायला लावले आणि त्यांच्या चालीवर उजेडाचा वेग बसवला.

"आणि बंद कसा करायचा?" मी विचारलं. "तेच बटण पुन्हा दाबशील?"

"लावलेला दिवा आपल्या हाताने मालवत नाहीत," ती म्हणाली. "तेल संपलं की तो शांत होतो."

म्हणून विजेच्या दिव्यातही मी तेल घातलं, म्हणजे जेवणानंतर तो कोणाच्या लक्षात येणार नाही इतक्या हळू उतरत जाईल असं लिहिलं. वीज जाऊन परत आली तर एकदम न भडकता पुन्हा तळापासून चढ, अशीही एक ओळ लिहिली. ती मात्र तपासायची राहून गेली.

दादा आला त्या दिवशी सूर्य दिसलाच नव्हता. दाराजवळच्या खुर्चीवर तो कोट न काढताच बसला. मी त्याला बजावलं होतं की मधे बोलायचं नाही. आईने बटण दाबलं, हात जोडले. उजेड चढू लागला. भिंती, मग फडताळातले डबे, मग उंबरा, असं एकेक वर येत गेलं. आणि अर्ध्यावर वीज गेली.

काळोख झाला. छतावर मणिकर्णिकेचा तांबूस उजेड तेवढा हलत होता. दादा खुर्चीतून उठायला लागला तशी मी त्याची बाही घट्ट पकडली. आईचा आवाज थांबला नव्हता. ती जागची हलली नाही, हातही जोडलेलेच होते. मी ती न तपासलेली ओळ मनातल्या मनात वाचत होते. दिवा एकदम लागला असता तर आई डोळ्यांवर हात घेऊन चाचपडली असती आणि दादाने खिशातलं तिकीट बाहेर काढलं असतं.

वीज आली. दिव्यात एक थेंब दिसला, मग दुसरा. आईने श्लोक पुन्हा पहिल्यापासून धरला. तो संपला तेव्हा खोली भरलेली होती. तिने डोळे उघडले, उंबरा ओलांडला आणि आतून गुळपोळ्यांचं ताट घेऊन आली. दादाने धरायला हात पुढे केला.

"हात मागे घे," ती म्हणाली. "मला दिसतंय."

तिकिटाचा विषय कोणीच काढला नाही. परतीच्या दिवशी दादा एकटाच गाडीत चढला. फलाटावर इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, दुसरीकडे बघत म्हणाला, "तुझ्या स्वयंपाकघरात आहे ना, तसलं एक मला लावता येईल?"

मी ते मागवून त्याच्याकडे पाठवलं. कसं बसवायचं ते फोनवर सांगितलं, आमची नेहमीसारखी दोन भांडणंही झाली. काशीत पुण्याच्या आधी मावळतं. त्यामुळे पहिल्या संध्याकाळी माझ्याकडे पट्टीचा तळाचा ठिपका पिवळा झाला आणि फोन वाजला, तेव्हा त्याच्या खिडकीबाहेर मुलं खेळत असल्याचा आवाज येत होता. तो कामावरून लवकर येऊन भिंतीसमोर बसला असावा.

"लागला," तो म्हणाला. मग जरा थांबून, "हे वर चढतंय. आता मी काय दाबायचं?"

"काही दाबायचं नाही," मी म्हटलं. "हात जोड."

मग त्याने फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मीही माझा ओट्यावर ठेवला.