पाहुणा जेवल्याशिवाय

आमच्या किहीमच्या वाडीत मोटरहोम उभ्या राहायला लागल्यापासून किस्से साठत चाललेत, पावसाळ्यात घरात ओले कपडे साठतात तसे. वाळत घालायला जागा नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मुलानं नारळांखाली दोन गाड्यांची जागा केली. लोक एक रात्र राहतात. सकाळी मी त्यांना मळ्यांतून, खाडीच्या बांधावरून समुद्रापर्यंत फिरवून आणते. त्यात माझा नेम, बाहेरचं कुणीतरी जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही. सुनेची दोन बाळं पोटातच गेली. आता सातवा लागलाय, पनवेलला माहेरी आहे. बाळ हातात येईपर्यंत हा नेम. गुडघे दमलेत, पित्तानं डोकं धरतं, पण सातवा लागलाय ना.

*

ठाण्याचं एक कुटुंब आलं होतं. मी वालाचं बिरडं आणि भात घेऊन गेले. गाडीची काच चार बोटं खाली आली.

"काकू, आमच्याकडे सगळं आहे. फ्रिज, ओव्हन, मायक्रोवेव्ह."

"आणि भूक?" मी विचारलं.

काच वर गेली.

*

पुण्याचा एक तरुण म्हणाला, "मी चार वाजेपर्यंत काही खात नाही."

मला भरूनच आलं. "कुठल्या देवाचं रे?"

"डाएटिशियनचं."

चारपर्यंत आम्ही दोघं ओट्यावर घड्याळाकडे बघत बसलो. चारला त्यानं डब्यातून स्वतःची दोन उकडलेली अंडी काढली. म्हटलं, निदान मीठ तरी माझं घे. घेतलं बिचाऱ्यानं. तेवढ्यानं नेम पाळला जातो का, हे मी भटजींना अजून विचारलेलं नाही.

*

मग मी डबा फिरायलाच बरोबर न्यायला लागले. एका नव्या जोडप्याला बांधावर ताट वाढून दिलं. मुलगी म्हणाली, "थांबा, आधी फोटो." ऊन या बाजूला चांगलं, खाडी त्या बाजूला चांगली. ताट बांधावर ठेवून दोघं मागे मागे सरकली, तोवर कुत्र्यानं भाकरी उचलली.

घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "अगं, कुत्रासुद्धा अतिथीच. जेव आता."

"आपलाच मोती होता," मी म्हटलं.

*

परवा नाशिकच्या एक बाई आल्या, माझ्याच वयाच्या. त्यांचे यजमान रेवसचा धक्का बघायला गेले, आम्ही दोघी फिरायला. बांधावर दोघी एकदमच गुडघे धरून बसलो. मनात म्हटलं, आज बाराच्या आत जेवण.

घरी येऊन ताट वाढलं, तर बाईंनी हात जोडले. "राग मानू नका. माझा परान्नाचा नेम आहे. दुसऱ्याच्या हातचं खात नाही."

हे वर्तमानपत्रातून म्हणाले, "बसा आता दोघी."

मी थोडा वेळ खरंच बसले. मग माझा नेम त्यांना सांगितला आणि सुपात तांदूळ, डाळ, गूळ घेतला. "शिधा चालेल?"

"चालेल. पण रांधणार मी, माझ्या गाडीत."

गाडीतली शेगडी एकच. आधी डाळ, मग भात. अडीच वाजले. मी गाडीच्या पायरीवर, डोळ्यांपुढे काजवे. बाईंनी चित्राहुती घातली, पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "झाला ना तुमचा नेम पुरा? भात खूप उरलाय. घरापर्यंत चालवणार आहे का तुम्हाला?"

नव्हतंच चालवणार. तिथंच पायरीवर वरणभात कालवला. शेवटचा घास तोंडात आणि सुनेचा फोन.

"आई, जेवलात? आज पाहुणं कोण होतं?"

"मीच," म्हटलं.