दगडी दवाखान्यातली राहिलेली पाचवी

परभणीहून निघालेली एस.टी. औंढ्याजवळ पंक्चर झाली आणि माझं वेळापत्रक तिथंच कोलमडलं. दुपारपर्यंत हिंगोली, आधी दवाखाना, मग जेवण, संध्याकाळच्या आत परतीची गाडी, असं सगळं मी ठरवून आणलं होतं. ताई मात्र झाडाखाली शांत बसली होती. पलीकडच्या शेतात हळद शिजत होती. वाफेचा मातकट वास आला तशी ती म्हणाली, "खिडकीतून असाच वास यायचा."

लग्नानंतर भाऊजी हिंगोलीत मास्तर होते. ताईची पहिली मुलगी तिथल्या सरकारी दवाखान्यात जन्मली आणि चौथ्या दिवशी गेली. पाचवी पुजायची राहिली. पाचव्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहायला येते, म्हणून तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. साठीला आलेल्या ताईला ते तिच्या तेव्हाच्या खाटेजवळच्या खिडकीशी ठेवायचं होतं. इमारत पाडणार असं कानावर आलं आणि आम्ही दोघी बहिणी निघालो.

भर चौकात ती दगडी इमारत लगेच ओळखू आली. कमान तीच, पण दवाखाना कुठंच नव्हता. समोर चहाची टपरी होती. तिथल्या बाईंना विचारलं.

"दवाखाना? काहून, कोन बीमार हाय?" त्या हसल्या. "आमचा आजा म्हणायचा, निजामाच्या राज्यात इथं करोडगिरी घेत, जकातच ती. बापाच्या वक्ताला दवाखाना झाला. जिल्हा झाला तवा हापिस आलं. आता पाडून दुकानं करून राहिले. माझी टपरी बी उठंल, बगा."

मी दोन चहा आणि भजी सांगितली. ताईनं भज्यांना हात लावला नाही.

आत बाळंतिणींच्या लांब खोलीचे प्लायवूड ठोकून तीन तुकडे केले होते. कोपऱ्यातल्या, ताईच्या खिडकीला पाठ करून एक कारकून बसला होता. समोर दाखल्यांसाठी लांबलचक रांग होती. मी तरातरा पुढं गेले.

"ओ मावशी, लाईनीत या! आमी सकाळधरनं काय नाचायला उभे हाव?" एक पोरगा ओरडला आणि रांग हसली.

उभ्या राहिलो. आमच्या मागं तांड्यावरची एक म्हातारी होती, नातीच्या दाखल्यासाठी आलेली. "तुमाला कसला दाखला पायजे, बाई?" तिनं विचारलं. ताईनं हळू आवाजात तिला सगळं सांगितलं. सख्ख्या बहिणीशी, माझ्याशी, ती एवढं कधी बोलली नव्हती.

नंबर आला. ताईनं पर्समधून कोरा कागद काढून टेबलावर ठेवला. कारकुनानं तो उलटून पाहिला.

"यावर तर काहीच लिहिलं न्हाई. अर्ज कुठाय? कोणाच्या नावाचा दाखला पायजे?"

ताईनं कागद पुन्हा स्वतःकडं ओढला. बारशाआधीच गेलेल्या मुलीचं नाव काय सांगणार?

"सायेब, त्यो अर्ज न्हाई," मागून म्हातारी म्हणाली. "पाचवीचा कागद हाय, सटवाईचा. हिचं लेकरू इथंच गेलं, तुमच्या खुर्चीच्या जागी. सरा जरा."

कारकून उठला आणि खिडकीतले गठ्ठे त्यानं खाली ठेवले. ताईनं कागद ठेवला, पेन ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि दगडावर तळहात टेकून उभी राहिली. वाऱ्यानं कागद उडायला लागला. कारकुनानं टेबलावरचं काचेचं वजन त्यावर ठेवलं.

"साहेब, कधी पाडणार?" मी विचारलं.

"हुकूम आलाय," तो म्हणाला. "आमी बी सामान बांधूनच राहिलोत."

शेवटची गाडी कशीबशी मिळाली. खिडकीतून एकदाच कमान दिसली आणि चौक मागं पडला. दगडाच्या त्या भिंतींनी जकात पाहिली, बाळंतपणं पाहिली, अर्ज पाहिले. त्या पडल्यावर मात्र ताईला जाऊन उभं राहायला जागा उरणार नव्हती.

शेजारी कुरुंद्याच्या एक बाई बसल्या होत्या. गाडी गावाबाहेर पडताच त्यांनी ताईकडं चौकशी सुरू केली.

"लेकरं किती, बाई, तुमाला?"

"दोन मुलगे," सवयीनं मीच उत्तर दिलं.

"तीन," ताई म्हणाली. "थोरली हिंगोलीत असते."

"मंग भेटली का?"

"भेटले," ताई म्हणाली आणि पदर डोक्यावरून घेऊन खिडकीकडं वळली.