उत्तराची तार

महाराष्ट्र राज्य होण्याच्या आदल्या वर्षीचा हिवाळा होता. मी तेव्हा अमरावतीच्या एका दैनिकात बातम्या लिहीत असे आणि आठ दिवसांच्या सुटीवर अकोल्याजवळच्या आमच्या गावी आलो होतो. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी, रिवाजाप्रमाणे, माहेरी आलेली होती. तिचा नवरा सैन्यात, दूर आसामकडे. आदल्या दुपारी तिला कळा सुरू झाल्या. पहाटे सुईण खोलीतून बाहेर आली आणि आईला म्हणाली, "पोर आडवं हाये, माय. हे माह्या हातचं काम नाई. अकोल्याले न्या."

वडील म्हणाले, "आधी तिच्या सासरी माणूस धाडू. विचारल्याबिगर कसं न्याचं?"

सासर अमरावतीच्या पलीकडे, जाऊन यायला दीड दिवस. आईने दमणीत कडबा पसरला, वर गोधडी टाकली आणि मुलीला धरून बसली. "तुमी धाडा माणूस," ती म्हणाली. "आमी बसून राह्यलो गाडीत."

वडिलांनी बैल जुंपले. कपाशीच्या गाड्यांनी रस्ता भरलेला होता. आठ कोसांना पाच तास लागले.

साडेदहाला आम्ही बायकांच्या एका लहान दवाखान्यात पोचलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पोट उघडावं लागेल, आता केलं तर दोघं वाचतील, एवढंच त्या बोलल्या. मग नर्सने टेबलावर कागद ठेवला. त्यावर सासरच्या माणसाची सही हवी होती. काही महिन्यांपूर्वी एका बापाच्या सहीवर ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी सासरचे लोक आले आणि त्यांनी खुर्च्या मोडल्या. तेव्हापासून दवाखान्याचा हा नियम होता.

"बरोबर हाये नियम," वडील म्हणाले. "लेक देली, आता ती त्याईची."

मी तिच्या सासरी तार करायला तारघरात गेलो. बातमीदाराच्या सवयीने एकही शब्द जास्त लिहिला नाही: ऑपरेशन आवश्यक, संमती कळवा. लिहिलं इंग्रजीत. त्या गावात इंग्रजी वाचणारं कोणी नाही हे मला माहीत होतं. लिहिताना ते आठवलं नाही.

बारा वाजता डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मुलाच्या छातीचे ठोके चांगले आहेत, पण थांबू नका, म्हणाल्या. दीड वाजता म्हणाल्या, ठोके मंदावलेत. बहिणीचं कण्हणं सकाळी रस्त्यावर ऐकू जात होतं, आता दाराशी कान दिला तरच ऐकू येत होतं. मी दोनदा तारघरात जाऊन आलो. वडील बाकावर पागोटं मांडीवर घेऊन बसले होते.

"येईन तार," ते म्हणाले.

"कवा येईन?" आईने विचारलं.

"येईन मनलं ना."

"तिच्या तेरवीले येईन."



अडीच वाजता डॉक्टरीणबाईंनी मुलाचा विषय काढला नाही. "आता हिच्यापुरतं बोला," त्या म्हणाल्या. "अर्धा तास."

आई उठली, टेबलाशी गेली. "सासूचा आंगठा चालते का?"

नर्सने मान वर केली. "सासू आल्या का?"

"आली. मीच थे."

सकाळी दमणीतून उतरताना हीच बाई 'माही पोर, माही पोर' म्हणत होती, ते नर्सने ऐकलेलं होतं. तिने आईकडे पाहिलं, मग डॉक्टरीणबाईंकडे. डॉक्टरीणबाई हात धुवायला निघून गेल्या. नर्सने शाईची गादी पुढे सरकवली आणि नात्याच्या रकान्यात 'सासू' लिहिलं. वडील उठून ओट्यावर गेले. त्यांनी अडवलं नाही.

मुलगा होता, मेलेला. बहीण वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सासरची सात-आठ माणसं आली. फाटकापासूनच रडारड सुरू झाली. नर्स धावत गेली. "अहो, कुणासाठी रडता? बाई जिवंत आहे."

रडारड थांबली. बहिणीच्या सासऱ्यांनी बंडीच्या खिशातून तार काढली. पाकीट बंद होतं. आदल्या दिवशी दुपारी दोनला ते त्यांच्या दारात पोचलं होतं. गावात तार यायची ती माणूस गेल्याचीच. कोणी उघडली नाही. तार अकोल्याची, एवढं तारवाल्याने सांगितलं होतं. पाकीट पाहूनच रडायला सुरुवात झाली, आणि माणसं मातीला निघाली ती अकोल्यात बायकांचे दवाखाने विचारत इथं पोचली.

"वाचा तुमी," त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं.

मी फाडून वाचलं, मराठीत सांगितलं.

"संमती?" ते म्हणाले. "मंग कापलं कोनाच्या संमतीनं?" त्यांनी वडिलांकडे पाहिलं. "इवाई, कोनाले विचारलं तुमी?"

नर्सने कागद आणला. 'सासू' आणि खाली अंगठा, एवढं मी वाचून दाखवलं. आई भिंतीशी उभी होती. डावा हात तिने पदरात घेतला, पण उशीर झाला होता. बहिणीच्या सासूने अंगठ्यावरची शाई पाहिली होती.

"सासू तं हे उभी," सासरे म्हणाले. "कोनाचा आंगठा हाये हा?"

"माहाच," सासू म्हणाली.

"तू तं काल घरी होती."

"होती. रडून राह्यलती. तार उघडली असती तं कालच देला असता." तिने माझ्या हातातली तार घेतली, घडी घातली आणि त्यांच्या खिशात परत ठेवली. मग आईकडे वळली. "चाला, इहीणबाई. पोरगी कोन्या खोलीत हाये?"