एफीबाईंची बोली

एफीबाई मूळच्या स्कॉटलंडच्या. लग्न करून आयर्लंडमधल्या एनिसला आल्या, नवरा गेल्यावरही इथेच राहिल्या, पण जिभेनं काही माहेर सोडलं नाही. ओल्या, कुंद हवेला त्या ‘ड्रीख’ म्हणत आणि दुकानातली माणसं एकमेकांना डोळे मिचकावत. म्हातारीला त्याचं काय? रोज सकाळी ग्लासगोच्या बहिणीला फोन लावायचा आणि दोघींनी आपल्या बोलीत साऱ्या जगाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या.

परवा ती बहीण गेली. शेजारची रेवती, पुण्याहून नोकरीला आलेली इंजिनिअर, पिठलं-भात घेऊन आली. सुतकाच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजाऱ्यांनी जेवण न्यायचं, ही तिच्या घरची रीत.

एफीबाईंनी पिवळंधमक पिठलं निरखलं. “हे खायचं, की भिंतीला फासायचं?”

“खायचं, आजी.”

दोन घास पोटात गेले आणि बाईंचा बांध फुटला. बहिणीबद्दल, लहानपणाबद्दल त्या आपल्या बोलीत भरभरून बोलत सुटल्या. रेवतीनं मन लावून ऐकलं आणि मध्येच अदबीनं विचारलं, “म्हणजे काय, आजी?”

एफीबाई थबकल्या. असं बहिणीला कधी विचारावं लागलं नव्हतं.

“काही नाही, पोरी,” त्या सावकाश, स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, “भात छान झालाय.”