सोडली

आज मुलीच्या स्क्रीनवर एकाच फाइलमध्ये दोन कर्सर हलताना दिसले. "दुसरा मैत्रिणीचा. आम्ही एकदमच लिहितो," ती म्हणाली. मला तिथे बसवेना.

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात तेव्हा एकच कॉम्प्युटर होता आणि त्याला जोडलेली आठ टर्मिनलं. बूट बाहेर काढून आत जायचं. एसीच्या गारव्यात घामट मोज्यांचा वास कोंडलेला असायचा. दोघांच्या जोडीला प्रोजेक्टची एकच फाइल. दोघांनी एकदम उघडली, तर शेवटी सेव्ह करणाऱ्याचंच राहायचं, आधीच्याचं पुसलं जायचं. म्हणून उघडताना "घेतली" आणि बंद केल्यावर "सोडली" असं जोडीदाराला ओरडून सांगायचा रिवाज होता.

माझा जोडीदार सुभाष अमळनेरकडच्या खेड्यातून एसटीने यायचा. त्याच्या अहिराणीची मी नक्कल करायचो, पण सरांनी वर्गात कौतुक केलं ते त्याचं. परीक्षेच्या दिवशी मी माझा भाग सेव्ह केला आणि "सोडली" म्हणून ओरडलो. फाइल मात्र माझ्यापुढे उघडीच ठेवली. दोन तास त्याच्या बोटांची टकटक ऐकत बसलो. तो सेव्ह करून उठला. मग मी सेव्ह केलं.

सर आले तेव्हा फाइलमध्ये फक्त माझा भाग होता. माझा संशय घ्यायचं सुभाषला सुचलंच नाही. उलट घाबरून त्याने मलाच विचारलं, "मन्हं बठ्ठं गयं. तुन्हं तं शे ना, भाऊ?"

"आहे," मी म्हणालो, आणि हसू लपवायला खाली वाकून मोजे वर ओढत राहिलो.