आमची चायना टीम

बायकांच्या टीमचे किस्से म्हणजे तान्ह्या पोराचे कपडे. आज धुऊन वाळत घातले तरी उद्या सकाळी ढीग तेवढाच! त्यात आमची टीम कबड्डीची, आणि प्रत्येकीच्या मागे एक घर, एक सासू. मी सातवीपर्यंत शिकलेली, लिहायची सवय नाय. पण शैला म्हणाली, "निशा, तू बोलतेस तशीच लिही. शुद्धलेखन कोण बघतंय?" म्हणून बसले. ओवी झोपलीय तोवर होईल तेवढं.

ओवी म्हणजे माझी मुलगी. नुकती चालायला लागलीय, आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाय. उंबऱ्यावरून पडेल, चुलीत हात घालेल, कोंबड्यांचे दाणे तोंडात टाकेल. मैदानात मी चढाईला जाते तेव्हापण माझा एक डोळा समोरच्या टीमवर आणि एक हिच्यावर. अशा बाईला टीममध्ये घेणारी मंदाताई धन्य!

*

आधी नावाचं सांगते. आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. मुंबईत राहणाऱ्या आपल्याकडच्या मंडळांनी बायकांची कबड्डी लीग काढली. सगळ्या टीम मुंबईच्या. मंदाताई अंगणवाडीत मदतनीस, लग्नाआधी शाळेकडून खेळलेली. तिनं हट्टानं आमचं नाव घातलं. लीगवाल्यांनी स्पष्ट सांगितलं, "गावाकडची टीम पहिल्यांदाच घेतोय. या सीझनला एक तरी मॅच जिंका, नाहीतर पुढच्या वर्षी विचारू नका."

त्याच आठवड्यात शैलाच्या नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला. तो बोटीवर किचनमध्ये कामाला. म्हणाला, "आमच्या मेसमध्ये टीव्हीवर बर्फावरची हॉकी चालू असते. त्यात एक चायनाचा क्लब हाय. परदेशातल्या लीगमध्ये नवीनच घेतलाय. मार खातात गो, पण दर मॅचला परत उभे!" त्यानं आम्हाला क्लिपपण पाठवली.

आम्ही सगळ्या मोबाईलवर डोकं घालून बसलो. माझ्या सासूबाई मागून बघत होत्या. आम्ही सगळ्या त्यांना आईच म्हणतो. त्या म्हणाल्या, "अगो, पायाला सुऱ्या बांधून बर्फावर धावतायत! ह्यांना आया नायत काय?"

झालं! ही गोष्ट वाडीभर झाली आणि पारावरच्या लोकांनी आमचं नाव ठेवलं 'चायना टीम'. पहिली मॅच हरून आलो तर एक आजोबा म्हणाले, "चायना माल! गॅरंटी नाय. किती दिवस टिकणार?"

मंदाताई म्हणाली, "आजोबा, तुमच्या हातातला मोबाईल कुठला हाय? बिघडला काय?"

आजोबांनी मोबाईल खिशात टाकला.

*

मग गावकीच्या बैठकीत विषय निघाला. एकाचं म्हणणं, "टीम आपल्या वाडीची, पण वाडीतली एकपण पोरगी नाय टीममध्ये. सगळ्या सुना. बाहेरच्या!"

बोलला ते खरंच होतं. मी दासगावची, शैला हिरकणीवाडीची, मंदाताई महाडची. शैला हळूच माझ्या कानात म्हणाली, "त्या चायना क्लबनंपण अर्धे खेळाडू बाहेरून आणलेत म्हणे. आपण तर पुऱ्याच इम्पोर्टेड!"

मंदाताई उभी राहिली. "वाडीच्या पोरी पायजेत काय? त्या तुम्हीच लग्नं लावून मुंबईला धाडल्यात. आता त्या तिकडच्या टीममधून आमच्याशी खेळतायत!"

बैठकीत हशा पिकला. माझे सासरे तेवढे हसले नाहीत. कारण त्यांची मोठी मुलगी, म्हणजे माझी नणंद सुमनवन्स, मुंबईच्या सगळ्यात भारी टीममध्ये कोपऱ्यावरून पकड करणारी होती. तिच्या हातात एकदा घोटा सापडला की सुटत नाय, अशी तिची ख्याती!

*

आता माझा किस्सा. शैला हा दर रविवारी सांगते, तर म्हटलं आपणच सांगून मोकळं व्हावं.

दुसरी मॅच. ओवी आईंच्या कडेवर, मैदानाच्या कडेला. मी चढाईला गेले. "कबड्डी कबड्डी" सुरू. समोरची एकजण पाय टाकून चुकली, मी तिला शिवले, आता फक्त मागं फिरायचं. तेवढ्यात माझी नजर कडेला गेली. उन्हं तापलेली आणि ओवीच्या डोक्याला टोपी नाय!

"आई, तिला टोपी घाला!" मी मैदानातून ओरडले.

कबड्डीचा दम तिथंच तुटला. पंचांनी शिट्टी मारली. मी बाद!

आईंनी तिकडून हात नाचवला. "अगो, टोपी तिनंच फेकलीय! तू तुझं बघ, मी हिचं बघते!"

तेव्हापासून मॅचला निघताना मंदाताई आमच्या दारात येते आणि पहिलं विचारते, "टोपी?" टोपीला आता नाडी लावलीय. ती ओवीच्या हनुवटीखाली बांधल्याशिवाय आमची टीम गाडीत बसत नाय.

*

पण त्याहून मोठी खोड सगळ्या टीमलाच होती. लहानपणापासूनची सवय. कुणाला आपला पाय लागला की लगेच वाकायचं, त्या माणसाला हात लावायचा आणि तो हात आपल्या छातीला लावायचा. चुकून पुस्तकाला पाय लागला तरी तेच. आता कबड्डीत तर पायानंच शिवायचं असतं!

तिसऱ्या मॅचला शैलानं अशी लाथ मारली, अशी लाथ मारली, की समोरच्या बाईच्या गुडघ्यावर बरोबर बसली. पॉइंट! आणि शैला काय करते? थांबली, वाकली, बाईच्या गुडघ्याला हात लावला, छातीला लावला. तोपर्यंत बाकीच्या सगळ्या तिच्यावर पडल्या.

ढिगाऱ्याखालून आवाज आला, "अवो, मी पाया पडत होते!"

वरची मुंबईवाली म्हणाली, "आता आरामात पड!"

मग मंदाताईनं नवीन प्रॅक्टिस काढली. खळ्यात ओळीनं उभं राहायचं, एकमेकींना पाय लावायचा आणि न वाकता पळत सुटायचं. जी वाकेल तिनं सगळ्यांना चहा करायचा. पहिल्या दिवशी चहाच चहा! मंदाताईला पाय लावताना तर माझ्या अंगावर काटा आला. मोठी बाई ती. पण ती ओरडली, "लाव! मी तुझी ताई घरात. हितं मी तुझा पॉइंट हाय!"

आई दारातून बघत होत्या. त्यांनी देवाकडं हात जोडले. "कलियुग, दुसरं काय!"

पण महिनाभरात माझी सवय गेली. पाय लागला की पळ! इतकी की एकदा घरात सासऱ्यांच्या ताटलीला पाय लागला आणि मी सुसाट परसात जाऊन थांबले.

*

मॅच एकदा आपल्या मैदानावर घ्यायची असते. आमचं मैदान म्हणजे कापणी झालेलं शेत. लीगची दोन माणसं बघायला आली. एकानं मध्ये बॉल ठेवला. बॉल गडगडत खालच्या बांधापर्यंत गेला.

"उतार आहे," तो म्हणाला.

"डोंगर हाय," मंदाताई म्हणाली. "चढाई म्हणजे चढाईच!"

नाय चाललं. शेवटी माझ्या माहेरी, दासगावच्या मैदानावर ती मॅच घेतली. आमचं घरचं मैदान दुसऱ्याच्या दारात! शैलाच्या नवऱ्यानं बोटीवरून कळवलं, "काळजी करू नका. त्या चायनावाल्यांनापण घरच्या मॅच परक्या देशात जाऊन खेळाव्या लागतात." त्यानं आम्हाला बरं वाटलं. पण दासगावकर माझ्या माहेरचे, ते माझ्या नावानं ओरडत होते, आणि मी बाद झाले की माझ्या सासरच्यांकडं बघून ओरडत होते, "लेकीला खायला घालता का नाय?"

ती मॅच एका पॉइंटनं गेली.

*

त्या हरण्यानंतर सगळ्यांची अंगं अशी आंबली की आम्ही सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर गेलो. पाय पाण्यात सोडून बसलो. एकपण मॅच जिंकली नव्हती, आता एकच उरली होती, आणि ती सुमनवन्सच्या टीमशी. लीगमधली सगळ्यात भारी टीम. ओवीला आदल्या दिवसापासून सर्दी. वाटलं, सोडून द्यावं. कोण म्हणालंय खेळायला?

एक म्हातारी शेजारी पाय शेकत होती. तिनं माझा सुजलेला घोटा बघितला. "नवऱ्यानं मारलंन का काय गो?"

"नाय आजी, मुंबईवालीनं!"

सगळ्या हसल्या. मग शैलानं नवऱ्याला फोन लावला. स्पीकरवर.

"तुमचे ते चायनावाले कसे हायत?"

"परत हरले गो."

"मग आता?"

"आता काय? परवा परत खेळतायत."

मंदाताईनं पाण्यातून पाय बाहेर काढले आणि पदरानं पुसले. "चला. प्रॅक्टिस!"

*

शेवटची मॅच महाडला होती. सकाळी निघताना आई ओवीच्या टोपीची नाडी बांधत म्हणाल्या, "निशा, सुमन मोठी हाय तुझ्याहून. मैदान असलं तरी मान ठेवायचा."

मी म्हटलं, "आई, तुम्ही कोणाच्या बाजूनं?"

"मी ओवीच्या बाजूनं," त्या म्हणाल्या.

मैदानात सुमनवन्स समोर आल्या. उंच, दंडात ताकद, केस घट्ट बांधलेले. हसून म्हणाल्या, "काय गो चायना? टिकशील ना शेवटपर्यंत?"

"बघूया वन्सं," मी म्हटलं.

त्यांनी मला दोनदा घोट्यात धरून पाडलं. तिसऱ्यांदा शैलाला. पण आम्हीपण सोडलं नाय. मंदाताईनं त्यांच्या दोघी बाद केल्या, शैलानं पाय लावून एक पॉइंट घेतला आणि न वाकता पळत आली. पारावरचे आजोबा मैदानाच्या कडेला उभे राहून "चायना! चायना!" ओरडायला लागले. शेवटची चढाई उरली तेव्हा पॉइंट सारखे होते. बरोबरी चालणार नव्हती, जिंकलं तरच पुढचं वर्ष.

मंदाताई म्हणाली, "निशा, जा."

मी कडेला बघितलं नाय. पहिल्यांदाच. ओवी रडत होती की हसत होती, मला माहीत नाय.

"कबड्डी कबड्डी कबड्डी." पलीकडं सगळ्या हात पसरून. डावीकडं गेले, सापळा. उजवीकडं गेले, तिथं सुमनवन्स गुडघ्यात वाकलेल्या, नजर माझ्या घोट्यावर. पाय टाकला असता तर संपलंच होतं. दम संपत आला होता. वन्सं एक पाऊल पुढं आल्या.

मी पदर खोचलेला तसाच, तोंडानं कबड्डी चालूच, दोन्ही हात पुढं करून त्यांच्या पायांशी वाकले.

वन्सं ताठ उभ्या राहिल्या. एक पाऊल मागं सरकल्या, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "असू दे गो, असू दे! सुखी रहा!"

मी मधल्या रेषेच्या अलीकडं पोचले आणि पंचांनी आम्हाला पॉइंट दिला, तेव्हा वन्सं तशाच उभ्या होत्या, आशीर्वादाचा हात हवेत.